बिनभोकांचा बोर्ड

इथं जमलेल्या सगळ्या मोठ्यांना, मायबहिणींना, दुकानाच्या जुन्या मंडळींना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. गणपतराव मास्तरांनी ही सभा ठेवली आणि म्हणाले, वहिनी, दोन शब्द तुम्हीच बोला. मी नाही म्हणत होते. रडू येईल म्हणून नाही. रडून झालं आहे, आणि पुढंही होईल. पण उभं राहून बोलायचं, समोर एवढी माणसं, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोर नाहीत, हे अवघड आहे. तुम्ही सांभाळून घ्या.

आत्ता मी उठले तेव्हा मागच्या सतरंजीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "वहिनीले ऐकू येते का आता?"

येते बाप्पा. तुम्ही हळू बोललात तरी येते. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

तुम्ही ह्यांना वामनभाऊ रेडिओवाले म्हणून ओळखता. पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ह्यांचं दुकान. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही. रविवारी सकाळी टीव्ही बंद पडला की अर्धा मोहल्ला आमच्या दारात. तुमच्यापैकी किती जण तेव्हा चप्पल न घालता पळत आले होते, मी नावं घेत नाही.

मास्तरांनी मघाशी सांगितलं की वामनभाऊ कमी बोलायचे, हळू बोलायचे. खरं आहे. दुकानात माणूस तावातावानं आला तरी हे हळूच बोलत. पण आमच्या शेजारच्या कमलबाई इथं बसल्या आहेत. त्यांना विचारा. त्यांनी कितीतरी वर्षं ह्यांचं ओरडणंच ऐकलं.

कारण मी बहिरी झाले होते.

एकदम नाही झाले. धाकटी मुलगी झाली त्यानंतर हळूहळू आवाज कमी होत गेला. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग माणसं. बाहेर जाऊन गप्पांत बसावं तर सगळ्या हसल्या की आपणही हसायचं. कशाला हसलो ते घरी येऊन विचारायचं. मग मी बाहेर बसणं सोडलं आणि वाचायला लागले. वाचनालयातलं, रद्दीतलं, पुड्यांचे कागदसुद्धा. माझी शाळा चौथीला सुटली होती. लोक म्हणतात मी पुस्तकासारखी बोलते. कशी नाही बोलणार? इतकी वर्षं माझ्याशी पुस्तकंच बोलत होती.

आणि हे बोलत होते. ओरडून.

हळू बोलणाऱ्या माणसाला दिवसभर ओरडावं लागणं काय असतं, ते मी पाहिलं आहे. "भाजीत मीठ नाही" हेसुद्धा ओरडून. "पोरीचं पत्र आलं" हेही ओरडून. मायेचा शब्द तर कुणी ओरडून बोलत नाही. तो राहूनच जातो. एकदा कमलबाई माझ्याजवळ बसून हातानं खुणा करून समजावत होत्या. मला वाटलं काय झालं. मग त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं: "नवरा एवढा भांडून राहिला तर माहेरी जाऊन ये काही दिवस."

हसा तुम्ही. मीही हसले होते. पण त्या दिवशी मनात आलं की मला बाकी काही नको. पाखरं नको, गाणी नको. ह्यांचा आवाज मला ह्यांच्या खऱ्या आवाजात परत ऐकायचा आहे. एवढंच.

ऐकायचं यंत्र आणलं नव्हतं असं नाही. नागपूरहून आणलं होतं. डबी असायची, ती पोलक्याच्या आत ठेवायची, वायर वर कानात. ज्यांनी वापरलं त्यांना ठाऊक आहे. पुरुषांच्या खिशात ते चालतं. आमच्या अंगावर लुगडं. डोक्यावरून पदर. श्वास घेतला तरी कापड डबीवर घासतं. माणूस बोलतो तेव्हा कानात नुसतं फरफर, फरफर, जसं कुणी पोत्यात हात घालून कापूस काढतं. सासऱ्यांसमोर, नणंदांसमोर पदर सोडायचा नाही. म्हणजे जिथं ऐकायचं तिथंच ऐकू येणार नाही. मी ते यंत्र कपाटात ठेवून दिलं.

हे म्हणाले, "कपड्याच्या बाहेर लागन असं करतो." म्हणजे ओरडले.

बाहेर, म्हणजे खांद्यावर, पदराला जिथं पिन लावतो तिथं. पण तिथं डबी कशी लटकवणार? ते नाण्याएवढं लहान हवं. आणि ह्यांच्या दुकानातले सगळे पार्ट शेंगदाण्याएवढे, पाय असलेले. सगळे बसवले की पुन्हा डबीच होते.

मग एक दिवस मोहगावचे एक गृहस्थ आले. त्यांच्या जावयानं परदेशातून खिशात मावणारा टेप आणला होता, तो विहिरीवर पाण्यात पडला. दुरुस्त होण्यासारखा नव्हता. त्यांनी तो दुकानातच टाकून दिला. ह्यांनी उघडला आणि भिंग लावून बसले. मला हात धरून दुकानात नेलं आणि भिंगातून पाहायला लावलं. आत मोहरीसारखे, तिळासारखे दाणे. हेच म्हणे पार्ट. एकालाही पाय नाही. बोर्डावर नुसते चिकटून बसलेले, जशी भिंतीवर पाल बसते.

ह्यांचा चेहरा मी तसा त्याआधी एकदाच पाहिला होता, मोठी मुलगी झाली तेव्हा.

पार्ट तर मिळाले. ते काढायचे आणि आपल्या कामाला लावायचे. पण कशावर लावायचे? इथून खरी गोष्ट सुरू झाली, आणि तुम्हा दुकानदार मंडळींना ती अर्धी माहीत आहे, कारण ह्यांनी तुम्हा प्रत्येकाला विचारून छळलं.

ह्यांच्या कामात एक भोकाभोकांचा बोर्ड असतो. पार्टचे पाय भोकांतून खाली घालायचे, खाली तांब्याला झाळायचे. नवीन काही जुळवून पाहायचं तर त्यावरच. पण दोन भोकांमधल्या जागेत हा नवा पार्ट आख्खा हरवून जायचा. त्याला बारीक तारेचे पाय लावून पाहिले, ते तुटले. एकदा पार्ट बसवता बसवता ह्यांना शिंक आली. दोघं गुडघ्यावर बसून फरशी चाचपली. मग हुकूम निघाला की दुकानात झाडू मारायचा नाही. ज्यांनी तेव्हा दुकानातला कचरा पाहून मला नावं ठेवली, त्यांनी आज हे लक्षात घ्यावं.

म्हणून बारीक भोकांचा बोर्ड शोधणं सुरू झालं. सौसरला विचारलं, छिंदवाड्याला विचारलं. मग नागपूर. एकदा मलाही सोबत नेलं. सीताबर्डीच्या गल्ल्यांत दुकानामागून दुकान. मला ऐकू येत नव्हतं, पण "नाही" कळायला कान लागत नाहीत. एक मान हलवायचा. एक ओठ मुडपायचा. एकानं ह्यांच्या तळहातावरचा तो तिळाएवढा पार्ट पाहिला आणि नोकराला बोलावून दाखवला, दोघं हसले. एक म्हातारे दुकानदार मात्र बराच वेळ बोलले. मी विचारलं काय म्हणाले, तर हे भर बाजारात ओरडले, "म्हणते का असा बोर्ड त्यायच्या नातवाच्या जमान्यात भेटन."

आम्ही दोघं रिकाम्या हातानं संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये बसलो.

गाडीत मी विचारलं, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते मला तरी सांगा. हे सांगायला लागले. आता, मला सांगायचं म्हणजे लांबवून चालत नसे. ओरडून माणूस किती बोलणार? प्रत्येक शब्द तोलून, कमीत कमी. सगळा डबा ऐकत होता. समोर एक संत्रीवाले काका होते, त्यांनी सोलता सोलता हात थांबवला.

हे ओरडले, "याले पाय नाही."

मी म्हटलं, बरं.

"पाय नाही, तं भोक नाही पायजे."

मी म्हटलं, मग?

"नुसतं तांबं पायजे."

आणि गप्प झाले. एकदम गप्प. खिडकीबाहेर पाहत राहिले. संत्रीवाले काका मला विचारत होते काय झालं, मला काय कळणार. बऱ्याच वेळानं हे माझ्याकडे वळले आणि फार हळू काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही, पण ओठ वाचले. "मंग मी भोकं काहून शोधून राहिलो होतो?"

तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली कोरी पाटी. ती तर प्रत्येक दुकानात होती. त्या हसणाऱ्या माणसाच्या कोपराखालीच तिची थप्पी होती. तिच्यावर हवं तेवढंच तांबं ठेवायचं, बाकीचं विरघळवून टाकायचं. भोक एकही नाही.

एवढं होईस्तोवर पांढुर्णा येऊन गेलं होतं. आम्ही पुढच्या स्टेशनावर, तिगावला उतरलो. परतीच्या गाडीला वेळ होता. हे प्लॅटफॉर्मवर उकिडवे बसून खडूनं फरशीवर रेघा काढत होते आणि तिगावचे स्टेशनवाले लांबून बघत होते. मी बाकावर बसून संत्रं खाल्लं. काकांनी जबरदस्तीनं हातात कोंबलं होतं. मला ती संध्याकाळ फार चांगली आठवते.

मग नेलपॉलिश. तांबं खाणारं पाणी असतं, पिवळं-तांबूस, त्याचे डाग आमच्या मोरीत अजून आहेत. जिथलं तांबं वाचवायचं तिथं रंग लावायचा, आणि त्याला नेलपॉलिशसारखा रंग नाही. माझ्याजवळ कुठलं? हे स्वतः गेले बांगड्यांच्या दुकानात. लाल भडक बाटली आणली. चार घरांत चर्चा झाली की वामनभाऊनं या वयात लाल पॉलिश कोणासाठी नेलं, बायको तर लावत नाही. कमलबाई पुन्हा पाटी घेऊन माझ्याकडे आल्या.

केसाएवढ्या ब्रशनं ह्यांनी रेघा काढल्या. पाण्यात टाकलं. पाटी निघाली, काय सुंदर निघाली. तांब्याची इवलीइवली बेटं. इस्त्रीचं टोक घासून सुईसारखं केलं, झाळायची इस्त्री म्हणते मी, आणि एकेक तीळ बसवला. सेल लावला. माझ्या कानात घातलं.

काही नाही.

कितीतरी दिवस काही नाही. पार्ट खराब आहे म्हणून एकेक बदलला. चिडचिड झाली. जेवण कमी झालं. मी त्यांच्याजवळ बसून पोलकं शिवत होते. ह्यांनी कागदावरचं चित्र आणि बोर्ड शेजारी ठेवले होते. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण मी दोन्ही पाहिलं, आणि मला माझ्या मांडीवरचं पोलकं दिसलं. चित्रात जे डावीकडे होतं ते बोर्डावर उजवीकडे गेलं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही कापड उलट्या बाजूनं बेतलं का?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. सगळ्या आयुष्यात पार्ट वर आणि तांबं खाली, म्हणून चित्र नेहमी उलटून उतरवायची सवय. हात आपोआप उलटा गेला. इथं तर पार्ट आणि तांबं एकाच बाजूला. उलटायचं कारणच नव्हतं. माझ्या हातून पहिल्या पोलक्याच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या होत्या, तशीच गोष्ट. ते एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. नंतर दुकानात येईल त्याला सांगायचे, "बोर्ड म्या नाही केला, आमच्या घरच्या टेलरनं केला." तसं नव्हतं. बोर्ड त्यांनीच केला. मी फक्त बाही पाहिली.

दुसरा बोर्ड केला. वरून पुन्हा नेलपॉलिशचा हात दिला, ओल लागू नये म्हणून. म्हणाले, लाल शोभते. पदराला लावला. वायरीच्या टोकाची बोंडी कानात घातली. आणि सवयीनं माझ्या कानाशी येऊन ओरडले, "ऐकू येते का?"

मी बोंडी उपसून काढली. कान फाटला होता. मी म्हटलं, ओरडू नका.

परत घातली. हे समोर बसले. हात मांडीवर. काय करावं कळेना. आणि मग हळू, त्यांच्या खऱ्या आवाजात, लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "आता काय बोलू?"

मायबहिणींनो, मी इतकी पुस्तकं वाचली. याहून चांगलं वाक्य मला कुठं सापडलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात कुणी ओरडलं नाही. कमलबाईंनी एकदा काळजीनं विचारलं, "आता बोलणंच बंद केलं का वो तुम्ही?" आम्ही खूप बोलत होतो. भिंतीपलीकडे जात नव्हतं, एवढंच.

ह्यांना सारखं एक खटकायचं. या यंत्रात कुणी बोलत नसलं की एक बारीक आवाज येतो. सूं असा. फार हळू. हे म्हणायचे, तो यायला नको, बोर्डावर दोन रेघा फार जवळ आल्या, पुढच्या बोर्डात काढतो. शेवटच्या दिवसांत छातीचं दुखणं वाढलं. आवाज अगदी खोल गेला. मुलींनाही कान तोंडाशी न्यावा लागे. मला न्यावा लागला नाही. ते म्हणाले, "ते सूं राहूनच गेलं."

मी म्हटलं, राहू द्या.

म्हणाले, "राहू द्या कसं? बरा झालो का काढतो."

बरे झाले नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, आणि कुणाला वाईट वाटू देऊ नका. दहाव्या दिवशी आपली रीत झाली. बांगड्या काढल्या, कुंकू पुसलं. बायका भोवती होत्या. माझ्या मोठ्या नणंदबाई, सौसरच्या, त्या पुढं बसल्या आहेत, त्यांनीच सगळं केलं. माझ्या खांद्यावर हे लाल दिसलं. लाल, चमकणारं. दागिनाच वाटणार. त्यांनी पिन काढून ताटात ठेवली, बांगड्यांच्या शेजारी.

आणि सगळं बंद झालं. समोर बायकांची तोंडं उघडत होती, मिटत होती. मला काही येत नव्हतं. मी काही बोललेही नाही. मला वाटलं, असंच असेल. ते गेले, तर ऐकणंही गेलं.

मग नणंदबाईंनी मला काहीतरी विचारलं. मी पाहत राहिले. पुन्हा विचारलं. त्यांचे ओठ मला वाचता येईनात, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कुणी बाई काहीतरी म्हणाली, बहुतेक रंगाबद्दलच. नणंदबाईंनी तिला हातानं थांबवलं, ताटातून ती पिन उचलली आणि स्वतःच्या हातानं माझ्या पदराला लावली.

उलटी लावली. तोंड कापडाकडे. त्यामुळं मला त्या दिवशी त्यांचं बोलणं कमी आणि पदराची फरफरच जास्त ऐकू आली. पण मी ती तशीच ठेवली, संध्याकाळपर्यंत. बाई, तुम्ही काय म्हणालात ते मला अर्धंच कळलं. एवढं कळलं की, "माझ्या भावाच्या हातचं आहे, हे नाही काढायचं." बाकीचं तुम्ही मला घरी सांगा. आता सुलटी लावली आहे.

तर मी हे लाल लावून तुमच्यासमोर उभी आहे. ज्यांना खटकत असेल त्यांनी खुशाल हळू बोलावं. मला ऐकू येईल.

लोधीखेड्याचे, सौसरचे मेकॅनिक भाऊ आले आहेत. ह्यांनी साबणाच्या डबीत असे काही कोरे बोर्ड करून ठेवले आहेत, सुलटे. तुमच्या गावात एखादी बाई पदराआड गप्प बसत असेल. येऊन घेऊन जा. हे म्हणायचे, बाजारात नाही म्हणून कोणी थांबून राहू नये. आणि माझं यंत्र कधी बंद पडलं तर तुम्हीच दुरुस्त करायचं आहे. फक्त ते सूं कुणी काढू नका.

कारण आता मास्तर तुम्हाला उभं राहायला सांगतील, थोडा वेळ शांत राहायला. तुम्हाला त्या शांततेत काही ऐकू येणार नाही. मला येईल. तुम्ही सगळे गप्प झालात की माझ्या कानात तो बारीक आवाज सुरू होईल, त्यांच्या हातच्या दोन रेघांमधला. तो ऐकायला मला तुमची शांतता हवी आहे. म्हणून ही माझ्यासाठीच मागते.

उभे राहा, आणि जरा गप्प राहा.